अरुंधतीच्या पलीकडचे जोडपे

सप्तपदीनंतर वधूवरांना ध्रुव आणि अरुंधती दाखविण्याचा प्रघात गृह्यसूत्रांइतका जुना आहे. शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावाच्या अक्षांशावरून सप्तर्षी युरोपातल्याप्रमाणे रात्रभर आणि बारमाही दिसत नाहीत, ते उत्तर क्षितिजाखाली मावळतात. चैत्र-वैशाखाच्या लग्नसराईत मात्र रात्रीच्या पहिल्या प्रहरी ते नेमके उंच आलेले असतात. ज्या जोडीला दांपत्याचा आदर्श मानले गेले, त्या वसिष्ठ-अरुंधतीत किमान पाव प्रकाशवर्षाचे अंतर आहे, हे परंपरेला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सतराव्या शतकात दुर्बिणीतून वसिष्ठच जोडतारा असल्याचे दिसले आणि १८८९ मध्ये पिकरिंगने त्याच्या एका घटकाच्या वर्णपटातील रेषा दुभंगताना पाहून तोही युग्म असल्याचे दाखविले.

अरुंधतीदर्शनन्यायाने, म्हणजे ठळकावरून सूक्ष्माकडे जात, सप्तर्षींतील क्रतू-पुलहांच्या पश्चिमेस सरकल्यास डब्ल्यू उर्से मेजॉरिस हा आठव्या प्रतीचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तारा येतो. पॉट्सडॅमच्या म्युलर आणि केम्फ यांनी १९०३ मध्ये त्याचे तेज दर चार तासांनी घटते असे नोंदविले. ही घट म्हणजे सुमारे आठ तासांत एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची आळीपाळीची ग्रहणे होत. दोघेही आपापल्या रोश-मर्यादेबाहेर, म्हणजे ज्या सीमेपलीकडे स्वतःचा वायू स्वतःच्या गुरुत्वाने धरून ठेवता येत नाही तिच्याबाहेर, फुगलेले असल्याने त्यांच्याभोवती एकच सामाईक आवरण असते. अशांना स्पर्शी युग्मतारे म्हणतात. एकाचे वस्तुमान दुसऱ्याच्या दुपटीएवढे असूनही दोघांचे पृष्ठतापमान जवळजवळ सारखे कसे, हे कोडे १९४१ मध्ये कायपरने मांडलेल्या विचारातूनच पुढे आले आणि १९६८ मध्ये ल्युसीने त्या आवरणातील अभिसरणातून मोठ्याची ऊर्जा धाकट्याकडे वाहते असे उत्तर सुचविले. ते आजही सर्वस्वी निर्विवाद नाही.

हे तारे जन्मतः असे चिकटलेले नसतात. चुंबकीय क्षेत्राला जखडलेला तारकीय वारा कोनीय संवेग बाहेर नेतो, त्यामुळे अब्जावधी वर्षांत कक्षा आक्रसत जाते आणि स्पर्शानंतर द्रव्य एकाकडून दुसऱ्याकडे वाहू लागते. वस्तुमानातील तफावत फार वाढली की कक्षा टिकत नाही. व्ही १३०९ स्कॉर्पाय या वृश्चिकेतील अशाच युग्मताऱ्याचा सुमारे १.४ दिवसांचा आवर्तकाल वर्षानुवर्षे वेगाने घटत असल्याचे जुन्या नोंदींतून टायलेंडा यांनी २०११ मध्ये उघड केले. २००८ च्या सप्टेंबरात तो भडकला होता, आणि तो भडका ओसरल्यावर तेजातले ते आवर्तन पुन्हा दिसले नाही.