गिरणीतून आलेला शाहीर

आमच्या बोरगाव मेघ्यात हल्ली पोरांच्या कानांत बोंडे असतात. कपाशीची नव्हेत, गाण्याची! त्यांतलेच एक परवा नातवाने माझ्या कानात बसवले. आत लोखंडावर लोखंड आपटत होते आणि त्या गदारोळातून कोणी एक गृहस्थ जिवाच्या आकांताने ओरडत होता. याला म्हणे 'इंडस्ट्रियल रॉक' म्हणतात. १९७६ साली लंडनमधल्या काही कलावंतांनी आपल्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या संस्थेला 'इंडस्ट्रियल' हे नाव दिले आणि ते नाव या प्रकाराला चिकटले. पुढे अमेरिकेत ट्रेंट रेझनरने १९८९ मध्ये स्वतःच रचलेली, स्वतःच गायिलेली अशी गाणी काढून नाव मिळवले. यंत्राच्या खडखडाटातून गाणे काढणारा, आपले आपण रचून गाणारा माणूस म्हटल्यावर मला मात्र बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल आठवले. महाराष्ट्र त्यांना शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो.

त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा. घरात अठराविश्वे दारिद्र्य. धन म्हणाल तर आई मुनेरबीच्या ओठांवरची लोकगीते तेवढी. मोटारीवर क्लीनर म्हणून राबावे, मग गिरणीत जावे, असे त्यांचे तरुणपण गेले. गिरणीतल्या संपात ते पुढे झाले आणि तुरुंगातही गेले. सुटल्यावर कोल्हापुरास मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काही काळ काढला. 'अमर शेख' हे नाव तिथलेच.

वाचकहो, कापडगिरणीचे साचे चालू असताना आत कोणी कधी उभे राहिला आहात काय? शेकडो धोटे एकाच वेळी इकडून तिकडे धावत असतात. शेजारच्याशी बोलायचे तर हातवारे करायचे, नाहीतर ओठांकडे पाहून समजून घ्यायचे. अमर शेखांचा तो पहाडी आवाज, हजारोंच्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारा, या खडखडाटाशी झुंजूनच कमावलेला असावा, असा माझा आपला तर्क आहे. परदेशी गवयाने यंत्राचा आवाज गाण्यात आणला. या शाहिराने त्या आवाजावर मात करून गाणे बाहेर काढले. दोन्हींत फरक आहे आणि तो लहान नाही.

मुंबईत १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. तमाशाच्या गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि श्रमकऱ्याला वंदन करायचे, गवळण गाळायची, ही अण्णाभाऊंची रीत. जुन्या मंडळींनी नाके मुरडली असतील. गिरणगावाने मात्र हे पथक डोक्यावर घेतले. कारण बघणारा आणि गाणारा एकाच पाळीचा! अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही लावणी अमर शेखांनी गायिली. गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरणारा मुंबईकर मजूर आणि बेळगाव-कारवारापासून तुटलेला महाराष्ट्र, या दोन्ही विरहांना त्या लावणीत एकच कंठ मिळाला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. त्या दिवसांत सभेला आधी शाहीर आणि मग पुढारी, असा क्रम पडून गेला होता.

आमच्या बाजूला चित्र थोडे निराळे होते, हे सांगितलेच पाहिजे. १९५६ पर्यंत वर्धा जुन्या मध्य प्रदेशात. वेगळ्या विदर्भाचे वारे जोरात, आणि कान वाढलेले तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर. मुंबईच्या डफाला इकडे तीच दाद मिळाली असती, असे मी म्हणणार नाही. पण मुंबईच्या साच्यांवर जो धागा चढे, त्याची सरकी कधी काळी आमच्यासारख्याच काळ्या मातीत रुजलेली असे. हिंगणघाटच्या कापसाचे नाव तर पार विलायतेपर्यंत गेले होते.

१९६२ साली चीनने आक्रमण केले. साम्यवादी गोटात तेव्हा केवढा गोंधळ माजला! अमर शेख डफ घेऊन उभे राहिले ते हिमालयासाठी. ज्या तांबड्या निशाणाखाली आयुष्य काढले, त्याखालच्या काही सोबत्यांचा रोष पत्करूनही त्यांनी सैनिकांसाठी गाणी गायिली. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. सभा जिंकणे सोपे, आपल्याच माणसांपुढे निराळा सूर लावणे कठीण.

'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह. 'प्रपंच' (१९६१) या चित्रपटातला त्यांचा कुंभार ज्यांनी पाहिला, त्यांना चेहरा आठवेल. पुस्तके वाचताना शब्द मिळतात, पण तो दम छापता येत नाही.

१९६९ चे साल शाहिरीला फार वाईट गेले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ, आणि २९ ऑगस्टला अपघातात अमर शेख. एका पावसाळ्यात तीन आवाज! कन्या मलिका तेव्हा शाळकरी वयाची होती. पुढे १९७९ साली 'वाळूचा प्रियकर' हा तिचा कवितासंग्रह निघाला, आणि त्यावर नाव होते मलिका अमर शेख.