सातबाऱ्यावरचे नाव आणि जमिनीची मालकी : पनवेलच्या वादांची पाळेमुळे

पनवेल परिसरात जमीन विकत घेऊ पाहणाऱ्याला जाणकार प्रथम सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' हा रकाना वाचायला सांगतात. तेथे 'कूळ कायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा असला, तर त्या एका ओळीमागे मोठा इतिहास उभा असतो.

पनवेल ज्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात मोडत असे, तेथे खोतांचे वर्चस्व होते. कसणारा कूळ, आणि पिकाचा मोठा वाटा खोताचा. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी याच जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. तो सुमारे सहा वर्षे चालला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले.

१९४८ च्या कूळ कायद्यातील पुढच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी पात्र कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. तथापि मालकी एवढ्याने पुरी होत नसे. कलम '३२ ग' खाली किंमत ठरायची, ती भरली की '३२ म' चे प्रमाणपत्र मिळायचे. अनेक वाद या दोन पायऱ्यांच्या मधल्या जागेत जन्मले. शिवाय कलम ४३ मुळे अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नसे. बंधन जाचक वाटले तरी हेतू उघड होता : कुळाला मिळालेली जमीन पुन्हा सावकाराच्या घशात जाऊ नये.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची जमीन घेण्याचे ठरले आणि भाताच्या खाचरांना शहराचा भाव आला. मोबदला कोणाचा? कब्जेदार म्हणून नोंदलेल्या जुन्या मालकाचा, कुळाचा, की वारस म्हणून नावच न लागलेल्या बहिणींचा? जानेवारी १९८४ च्या आंदोलनात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली, पाच जणांनी गोळीबारात प्राण गमावले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली, आणि त्या भूखंडांच्या हक्कावरूनही भाऊबंदकी माजली.

न्यायालयात अशा दाव्यांना दोन तोंडे असतात. मालकी दिवाणी न्यायालय ठरवते. 'हा कूळ होता काय' हा प्रश्न मात्र त्याला तहसीलदाराकडे पाठवावा लागतो. तेथून अपिले सुरू होतात आणि मूळ दावा खोळंबतो. तलाठ्याने घातलेला फेरफार मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केला, तरी ती महसुली नोंदच राहते. तिने मालकी निर्माण होत नाही. साठेकरारानेही होत नाही. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर झालेले व्यवहार मालकी देत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले.

२०१४ च्या दुरुस्तीने कलम ४३ सैल झाले. खरेदीला १० वर्षे उलटली असल्यास आकाराच्या ४० पट नजराणा भरून, परवानगीशिवाय जमीन विकता येते. घेणारा मात्र शेतकरीच असावा लागतो.