जर्मनीतील पालकत्व : नोकरी आणि स्थलांतर
मूल होऊ देण्याचा निर्णय जर्मनीत पक्क्या नोकरीशी जोडलेला आहे. २००७ पासून मिळणारा पालकभत्ता (एल्टर्नगेल्ड) आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण ६५ ते ६७ टक्के, महिना कमाल १,८०० युरो असतो. म्हणून आधी नोकरी, मग मूल. नोकरी न मिळालेल्या स्थलांतरित आईच्या हाती ३०० युरोच पडतात, ही तफावत बोचणारी आहे. १९६१ च्या जर्मनी-तुर्की कामगार भरती करारानंतर आलेल्या तुर्की कुटुंबांत पहिल्या पिढीला मुले अधिक. जर्मनीतच वाढलेल्या लेकींना कमी. २०२३ मध्ये जननदर जर्मन नागरिक स्त्रियांत १.२६, परदेशी स्त्रियांत १.७४ होता. म्यूनिकमधल्या मराठी अभियंता जोडप्याचा पेच निराळा: बाळंतपणाला पुण्याहून आलेल्या आईला पर्यटक व्हिसावर ९० दिवसच राहता येते, आणि वर्षाच्या बाळाला २०१३ पासून पाळणाघराचा कायदेशीर हक्क असला तरी जागा वेळेवर मिळेलच असे नाही.