नळाची गोधडी

माझी पुतणी लग्न होऊन अमेरिकेत, मिनेसोटाला गेली, तेव्हा तिच्या सामानात लोणच्याच्या बरणीपासून अडकित्त्यापर्यंत सगळं होतं. नव्हता तो फक्त थंडीचा अनुभव. जानेवारीत एके दिवशी तिचा फोन आला, "काका, नळ गोठला!" मी गोंधळलोच. आम्हा नगरकरांना नळ 'आला' कळतं, 'गेला' कळतं. 'गोठला' म्हणजे काय बुवा?

मग तिनेच माझी शिकवणी घेतली. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि नळ फोडतं. म्हणून तिकडे विहिरीपासून घरापर्यंतचा नळ चांगला खोल पुरतात, घरातल्या नळांना फोमची बंडी घालतात आणि कडाक्याच्या रात्री तोटी किंचित सैल सोडून पाणी थेंबथेंब वाहतं ठेवतात.

"रात्रभर?" मी ओरडलो. १९७२ च्या दुष्काळात एका हंड्यासाठी तास न् तास उभा राहिलेला माणूस मी! गळकी तोटी म्हणजे आमच्या आईच्या लेखी महापातक.

थंडी आमच्याकडेही पडते. पारा पाच-सहा अंशांपर्यंत घसरतो, पण विहीर गोठत नाही. उलट पहाटे पोहरा वर आला की त्यातून वाफा निघत. आजी म्हणायची, "विहिरीनं गोधडी घेतलीय रे!" शास्त्रही वेगळं सांगत नाही. जमिनीच्या पोटात ऋतू फारसे पोहोचत नाहीत. तिथलं पाणी बारा महिने साधारण २५ अंशांच्या आसपास असतं. आपण कुडकुडत असतो, म्हणून ते ऊन लागतं, एवढंच.

ही मातीची गोधडी आमच्या गावाला फार जुनी. मलिक अहमदने १४९० मध्ये बहामनी फौजेचा पराभव केला आणि पुढे चार वर्षांनी सीनेकाठी शहर वसवलं. नदी निवडली खरी, पण सीना म्हणजे पावसाळ्यापुरती पाहुणी. तेव्हा निजामशाहीने कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा उंचावरच्या गावांकडून शहरात पाणी आणलं, तेही जमिनीखालून, खापरी नळांतून! भाजलेल्या मातीचे नळ, एकाचं तोंड दुसऱ्यात बसवलेलं, सांधे चुन्याने लिंपलेले. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. मिनेसोटात नळ पुरतात तो बर्फाच्या भीतीने, इथे पुरला तो उन्हाच्या. सलाबतखानाने १५८३ मध्ये पुरा केलेला फराहबाग महाल तर भर तळ्यात उभा केला. ज्या गावाला पाण्याची ददात, त्या गावात! याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने पुढे खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर खोदली.

पण पुरलेल्या वस्तूचं एक वाईट असतं. ती दिसत नाही, म्हणून आठवत नाही. नळात गाळ साचतो, झाडाची मुळं शिरतात, कुणी घराचा पाया खणतो आणि पहारीखाली खापर फुटतं. इंग्रजांच्या १८८४ च्या गॅझेटियरात या नळांची नोंद आहे. पुढे ते एकेक करून मुके झाले. आमच्या जुन्या वाड्यातल्या हौदालाही असाच एक नळ येई, म्हणे. मी पाहिला तेव्हा हौदात पाणी नव्हतं, फुटक्या खुर्च्या होत्या. थंडी बिचारी एका रात्रीत नळ फोडते, लोक निदान धावत तरी येतात. आमचे नळ विसरण्यानेच गेले, आणि कुणाची झोपसुद्धा मोडली नाही.

हे सगळं पुतणीला ऐकवून मी शेवटी भीतभीतच विचारलं, "मग आता रात्री तोटी सैल सोडतेस?"

"सोडते की."

"आणि ते पाणी?"

"अहो काका, नगरची आहे मी! खाली बादली असते. सकाळी त्यातच कपडे भिजवते."

मी निश्चिंत मनाने फोन ठेवला.