इशापूर .४१० मस्केट
इशापूर .४१० मस्केट ही ली-एनफील्ड .३०३ या लष्करी रायफलीत फेरबदल करून तयार केलेली एकबारी बंदूक आहे. ब्रिटिश काळात आजच्या पश्चिम बंगालमधील इशापूर कारखान्यात पोलीस व तुरुंगरक्षकांसाठी हे फेरबदल करण्यात आले. नळीतील आटे काढून ती गुळगुळीत केली जाई आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला जाई.

परदेशी संग्राहकांमध्ये तिची किंमत ठरवताना प्रथम काडतुसाचा कक्ष पाहिला जातो. अनेक बंदुकांचा कक्ष पुढे साध्या .४१० शॉटगन काडतुसासाठी वाढवण्यात आला. अशी बंदूक वापरास सोयीची, पण संग्राहकाच्या लेखी तिचे मोल कमी. कक्ष मूळचा असल्यास मात्र काडतुसे मिळणे कठीण. बोल्टवरील व रिसीव्हरवरील क्रमांक जुळतात का, हेही पाहावे लागते. बोल्ट दुसऱ्या बंदुकीचा असल्यास प्रश्न किमतीपुरता राहत नाही, सुरक्षिततेचाही होतो. पुन्हा .३०३ करायची तर नळीच बदलावी लागते.

भारतात हा मार्ग सामान्य परवानाधारकास बंद आहे. जाफराबादच्या रहिवाशास साध्या बोअरचा परवाना जालन्याचे जिल्हादंडाधिकारी देतात; .३०३ हे निषिद्ध बोअर असल्याने त्याचा परवाना केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो.