गडपायथ्याचे व्यवसाय

महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या पायथ्याशी, माचीवर व क्वचित प्रत्यक्ष गडावर राहणारी कुटुंबे दुर्गप्रवाशांना जेवण, मुक्काम, वाटाड्या आणि किरकोळ खाद्यपेये पुरवून जे व्यवसाय करतात, त्यांचा समूह. शेती, गुरे व मजुरी यांना हे व्यवसाय पूरक असतात. मावळ, वेल्हे, भोर, अकोले हा घाटमाथ्यालगतचा पट्टा आणि कोकणात रायगडाचा परिसर येथे ते विशेष आढळतात. शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतावर चालणाऱ्या कृषिपर्यटनाहून हे व्यवसाय निराळे आहेत. तेथे पाहुणा शेतासाठी येतो, येथे तो गडासाठी येतो व वाटेत जेवतो.

स्वरूप : सर्वांत जुना व सर्वांत व्यापक प्रकार घरगुती खानावळीचा. पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा, भात-आमटी आणि आगाऊ सांगितल्यास गावठी कोंबडी असा बेत असतो. भाकरी मावळात बहुधा तांदळाची, काही ठिकाणी नाचणीची असते. वाटेवर ताक, लिंबूसरबत, तिखटमीठ लावलेली काकडी व कैरी विकली जाते. सिंहगडावरचे मडक्यातले दही प्रसिद्ध आहे. मुक्काम पडवीत किंवा ओसरीवर सतरंजी टाकून होई. आता तंबू भाड्याने देण्याचा प्रघात वाढला आहे. स्वयंपाक, सारवण आणि भांडी स्त्रियांकडे, तर फोनवरचे बोलणे व वाट दाखवणे बहुधा पुरुषांकडे असते.

हिशेब : व्यवहार माणशी दराने ठरतो. गिर्यारोहण संस्थेचा किंवा सहल नेणाऱ्याचा म्होरक्या शुक्रवारी रात्री ‘काउंट’ कळवतो : नाश्ता इतके, जेवण इतके, त्यांत शाकाहारी किती. त्या आकड्यावर रात्रीच पीठ व डाळ काढली जाते. मंडळी कमी आली तर तोटा खानावळीचा. जास्त आली तर भाकऱ्या थापणारीची धावपळ. नोंद असलीच तर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत किंवा शाळेच्या वहीत असते. घरच्या माणसांची मजुरी, स्वतःच्या शेतातला तांदूळ व रानातले सरपण खर्चात धरले जात नाही, त्यामुळे हाती उरलेली सर्व रक्कम नफा समजली जाते. सरकारी व्याख्येतून या व्यवसायांचा वेध घेणे अवघड आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटी रुपये गुंतवणूक व दहा कोटी रुपये उलाढाल अशी आहे. दहा पाटांची पडवी आणि शहरातला लहानसा कारखाना हे एकाच वर्गात पडतात.

हंगाम : पावसाळा व हिवाळा, त्यातही शनिवार-रविवार. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी राजमाची व भंडारदरा परिसरात गर्दी होते. भातलावणी व पावसाळी पर्यटन एकाच वेळी येत असल्याने मनुष्यबळाची ओढाताण होते.

वाट आणि मुक्काम : व्यवसायाचे यश गडाच्या कीर्तीपेक्षा प्रवासी तेथे किती वेळ थांबतो यावर अधिक अवलंबून दिसते. यासाठी चार ठिकाणे तपासण्याजोगी आहेत.

(१) राजमाची : श्रीवर्धन व मनरंजन या जोडकिल्ल्यांच्या माचीवरील उधेवाडी. लोणावळ्याकडून सुमारे पंधरा कि.मी.ची चाल, तर कर्जतकडून कोंडिवड्यामार्गे घाटाची चढण. चालत आलेल्या प्रवाशाला त्याच दिवशी परतणे कठीण, म्हणून एका माणसामागे चहा, रात्रीचे जेवण, मुक्काम व सकाळचा नाश्ता असे चार व्यवहार होतात. घरगुती मुक्कामाची पद्धत येथे चांगली रुजली आहे.

(२) सिंहगड : पुण्यापासून सुमारे तीस कि.मी. मोटार थेट माथ्यापर्यंत जाते. त्यामुळे व्यवसाय पायथा सोडून वर सरकला. ग्राहक संख्येने मोठा, परंतु एकदा जेवून उतरणारा. वाहनांची गर्दी कमी करण्यासाठी मे २०२२ मध्ये गडावर ई-बस सुरू करण्यात आल्या. काही आठवड्यांतच तो प्रयोग थांबला.

(३) रायगड : १९९६ पासून रोपवे चालू असून तो सुमारे चार मिनिटांत वर नेतो. वृद्धांना व लहान मुलांना गड सुकर झाला. चित्‌दरवाजाच्या पायऱ्यांवर ताक-सरबत विकणाऱ्यांचा ग्राहक यामुळे घटला, असे एक मत आहे. एकूण पर्यटक वाढल्याने तूट भरून निघाली, असेही म्हटले जाते. ६ जूनचा व तिथीनुसार ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा असे राज्याभिषेकाचे दोन सोहळे होतात. त्या वेळी अन्नछत्रे चालत असल्याने गर्दीच्या प्रमाणात खानावळींचा धंदा वाढतोच असे नाही.

(४) हरिश्चंद्रगड : पाचनईची वाट सर्वांत सोपी. गडावर मंदिराच्या परिसरात व कोकणकड्याकडे स्थानिकांच्या झोपड्यांतून जेवण आणि तंबू मिळतात. सूर्यास्त पाहण्यासाठी लोक थांबतात, हे मुक्कामाचे मुख्य कारण. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात असल्याने वनखात्याचे नियम लागू होतात.

कायदा व वाद : केंद्रसंरक्षित स्मारकापासून १०० मी. अंतरात नवे बांधकाम करण्यास मनाई असून त्यापुढील २०० मी. क्षेत्र नियंत्रित आहे (१९५८ च्या कायद्यातील २०१० ची दुरुस्ती). राज्यसंरक्षित गडांना राज्याचा १९६० चा कायदा लागू होतो. शिवाय वनखाते, ग्रामपंचायत व संयुक्त वनव्यवस्थापन समिती यांचे अधिकार एकमेकांत मिसळलेले आहेत. पुरातत्त्व खात्याने राजगडावर रात्रीच्या मुक्कामास मनाई केल्यानंतर तो व्यवहार गुंजवण्यासारख्या पायथ्याच्या गावांकडे वळण्यास वाव मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने गडांवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी जिल्हास्तरीय समित्या नेमल्या व ३१ मे ही मुदत दिली. पिढ्यान्‌पिढ्या गडावर ताक-दही विकणाऱ्यांची पाले आणि नंतर उभी राहिलेली पक्की बांधकामे यांत फरक कसा करावा, याविषयी मतभेद आहेत.

धोरण : शासनाच्या कृषिपर्यटन धोरणात (२०२०) शेतजमीन हा पाया मानला आहे, तर साहसी पर्यटन धोरणात (२०२१) मोहिमा व उपक्रम चालवणाऱ्यांच्या नोंदणीवर भर आहे. गडपायथ्याची खानावळ या दोहोंच्या मध्ये पडते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘न्याहारी व निवास’ योजना तिला सर्वांत जवळची, मात्र तीत स्वतंत्र खोली व स्वच्छतागृह अपेक्षित असल्याने पडवीतल्या मुक्कामाला ती सहसा लागू पडत नाही.

जागतिक वारसा : जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात (साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग) व एक, जिंजी, तामिळनाडूत आहे. राजमाची, सिंहगड व हरिश्चंद्रगड या यादीत नाहीत.