फलटणमध्ये संगणक अभियांत्रिकी : बौद्ध विद्यार्थ्यांसाठी माहिती

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमरावांचे नाव नोंदले गेले. ती शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि 2017 पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. त्याच सातारा जिल्ह्यातील फलटणच्या मुलामुलींना आज अभियंता होण्यासाठी पुणे गाठावेच लागते असे नाही.

कॉलेज आणि विद्यापीठ

फलटण एज्युकेशन सोसायटीचे अभियांत्रिकी महाविद्यालय ठाकुरकी येथे आहे. तेथे संगणक अभियांत्रिकीची शाखा असून पदवी लोणेरे (जि. रायगड) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची मिळते. 1989 च्या राज्य कायद्याने उभे राहिलेले हे विद्यापीठ चवदार तळ्याच्या महाडपासून जवळच आहे. बाबासाहेबांचे नाव आपल्या गुणपत्रिकेवर असणे ही आपल्यासाठी अभिमानाची आणि जबाबदारीचीही गोष्ट आहे.

अभ्यासक्रम

पदवी 4 वर्षांची, 8 सत्रांची. पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र आणि प्रोग्रामिंगची ओळख. पुढे डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क, कंपायलर, मशीन लर्निंग. केवळ संगणक हाताळता येणे म्हणजे अभियांत्रिकी नव्हे. इथे खरी कसोटी गणिताची आणि तर्काची असते. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले वर्ष इंग्रजीमुळे जड जाते. बारावीनंतरच्या सुट्टीत सी किंवा पायथनचा सराव केला तर हा भार हलका होतो.

प्रवेश

बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवेच. ठरलेल्या विषयांत खुल्या प्रवर्गास 45 टक्के, राखीव प्रवर्गास 40 टक्के गुण लागतात. त्यासोबत सीईटी द्यावी लागते. डिप्लोमा झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो.

फीचे गणित

आपली मुले गुणांत कमी पडत नाहीत, कागदांत अडकतात. म्हणून पुढील बाबी आधीच ध्यानात ठेवाव्यात.

- प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत फेरीतूनच (कॅप) घ्यावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतल्यास शिष्यवृत्ती आणि फी माफी दोन्ही हातच्या जातात.
- वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्याहून अधिक असल्यास फ्रीशिप योजना आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर, दरवर्षी नव्याने.
- शिष्यवृत्तीतील केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. त्यातील फीची रक्कम कॉलेजला भरायची असते. ती घरखर्चात गेली तर पुढे अडचण होते.
- जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. धर्मांतरापूर्वीच्या जातीचा 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा शालेय किंवा महसुली पुरावा शोधायला वेळ लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला मिळाला तर निम्मे काम झाले.
- शासकीय वसतिगृह न मिळाल्यास भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्याही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. त्या कागदावर राहू नयेत यासाठी प्रत्येक विहारात दर मे महिन्यात एक दिवस फक्त कागदपत्रे तपासण्यासाठी ठेवावा, असे आम्ही सुचवतो. आधी शिकलेल्या एखाद्या ताईने वा दादाने तेवढा एक दिवस दिला तरी कुणाचे तरी वर्ष वाचेल.